एका बसचालकाच्या वह्या

कोणत्याही समाजाचा इतिहास लिहावयास बसले की प्रथम मोठी नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. आपल्या ख्रिस्ती समाजाचेही तसेच आहे. चर्च कोणी बांधले, शाळा कोणी काढली, कोणता सुपुत्र महागुरुपदी गेला, कोणी ऑलिंपिकमध्ये देशाचे नाव राखले, हे आपण आवडीने सांगतो आणि महोत्सवांच्या स्मरणिकांतून छापतो. ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या नित्य कष्टांवर आपली धर्मग्रामे उभी राहिली, त्यांच्याविषयी आपल्यापाशी लेखी असे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच येते : धर्मग्रामाची नोंदपुस्तके.

ही नोंदपुस्तके म्हणजे ख्रिस्तसभेने इतिहासाला दिलेली फार मोठी देणगी होय. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदींचीही व्यवस्था लावून दिली. तेव्हापासून राजा असो वा कुळंबी, प्रत्येकाला या पुस्तकांत तेवढीच जागा मिळत आली आहे. स्नानसंस्काराची एक ओळ, विवाहाची एक, मृत्यूची एक. मात्र या तीन ओळींच्या मधली सारी जागा कोरी असते. माणूस जगला तो त्या कोऱ्या जागेत.

आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांचे जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी देहावसान झाले. त्यांच्याही तीन ओळी आमच्या कपाटात आहेत : जन्म १९३४, विवाह १९६१, मृत्यू २०२४. व्यवसायाच्या रकान्यात ‘बसचालक’ एवढा एकच शब्द. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी त्यांच्या मुलाने शाळकरी वह्यांचा एक गठ्ठा आमच्या स्वाधीन केला. १९५८ ते १९९२ या काळातल्या, वर्षाला एक याप्रमाणे ३५ वह्या. प्रत्येक पानावर हाताने आखलेले चार रकाने : तारीख, पाळी, खेळ, मिस्सा. घरच्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच इच्छेवरून नाव गाळून, त्या वह्यांच्या आधारे आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम त्यांचे गाव. साष्टीतील ज्या गावठाणांना आज चारी बाजूंनी इमारतींनी वेढले आहे, ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत खरीखुरी गावे होती. भातशेती, भाजीचे मळे, कुठे मिठागर, कुठे मासेमारी, यांवर लोक जगत. १८४५ मध्ये माहीमचा पूल झाला, पुढे आगगाडी आली, आणि साष्टीचा माणूस मुंबईच्या चाकरीत शिरू लागला. १८८७ साली आपल्यातील सुशिक्षितांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून संस्था स्थापन केली, तिच्यामागेही मुंबईतील नोकरीचा प्रश्न होताच. कारकुनी, रेल्वे, गोदी, कस्टम या वाटांनी पुष्कळजण गेले. ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, त्यांना दुसरी वाट होती : हाताला यंत्र घेण्याची. आमच्या चरित्रनायकांनी ती धरली. वडिलांची शेती भावंडांत पुरेना, म्हणून ते काही काळ खडीचा ट्रक चालवीत होते. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेस दहिसरकडे आणि मुलुंडकडे वाढली आणि त्यांचे गाव कागदोपत्री शहर झाले. दुसऱ्याच वर्षी ते बेस्टमध्ये चालक म्हणून लागले.

ज्या संस्थेत ते लागले तिचा इतिहास मुंबईच्या वाढीचाच इतिहास आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. प्रारंभी लोकांना बस म्हणजे श्रीमंतांची चैन वाटे. ट्राम ती गरिबाची. १९३७ साली दुमजली बस आली. आणि देश स्वतंत्र होण्याच्या आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, हा सारा कारभार खासगी कंपनीकडून महापालिकेकडे आला. या शेवटच्या घटनेचे महत्त्व आपण फारसे ध्यानी घेत नाही. त्या दिवसापासून बसचा चालक हा कंपनीचा नोकर न राहता नगराचा सेवक झाला. कायम नोकरी, ठरलेली पाळी, भविष्यनिर्वाह निधी, खाकी गणवेश आणि छातीवर बिल्ला : शेतकऱ्याच्या पोराला एवढे मिळणे म्हणजे घराण्याची पायरी चढणे होते. त्यांच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पगाराचा आकडा नाही; बिल्ल्याचा क्रमांक तेवढा ठळक अक्षरांत लिहिलेला आहे.

बस चालवणे हे काम बाहेरून सोपे दिसते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या त्या काळच्या गाड्यांचे चाक वळवताना खांदे भरून येत. पायाखाली इंजिनाची धग, पावसाळ्यात काचेवरून वाहणारे पाणी, आणि पाठीमागे वाहकाच्या घंटीकडे सतत कान. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पहिली पाळी असली की पहाटे तीनला उठून आगार गाठावे लागे. शेवटची असली की घरी यायला मध्यरात्र उलटे. रविवार असो वा नाताळ, पवित्र शुक्रवार असो वा गावचा सण, गाडी निघालीच पाहिजे. त्यामुळे वहीचा चौथा रकाना मोठा बोलका झाला आहे. कधी पहाटेची मिस्सा, कधी दुपारी दुसऱ्याच धर्मग्रामात गाठलेली, कधी नुसतीच एक आडवी रेघ. नाताळच्या ३५ दिवसांपैकी १४ दिवशी ते कामावर होते. आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून रविवारच्या मिस्साचे कर्तव्य सांगतो. ज्याच्या गाडीने आपण मिस्साला येतो त्याच्या रविवारचे काय, हा विचार आमच्या मनात क्वचितच येतो.

आता तिसरा रकाना : खेळ. हा रकाना सर्वांत भरगच्च आहे आणि त्यासाठीच ते गावात प्रसिद्ध होते.

ते ज्या मुंबईत वाढले ती खेळाने भारलेली होती. १९३७ पासून क्रिकेटच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘शेष’ असे पाच संघ असत. एतद्देशीय ख्रिस्ती खेळाडूंना या ‘शेष’ संघात जागा होती. १९४३ च्या अंतिम सामन्यात सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबातील विजय हजारे यांनी संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. त्या वेळी आमचे गृहस्थ नऊ वर्षांचे होते. वडिलांच्या खांद्यावर बसून इराण्याच्या हॉटेलापाशी रेडिओ ऐकल्याचे ते सांगत. धर्मावरून संघ पाडणारी ही स्पर्धा १९४६ साली बंद झाली. ती बंद झाली हे बरेच झाले, असे तेच म्हणत. बसमध्ये कोणी धर्म विचारून चढत नाही, मग मैदानात का, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता.

क्रिकेटपेक्षा त्यांचा जीव हॉकीत. १९४८ साली लंडनला भारताने ब्रिटनला ४-० असे हरवून स्वतंत्र देशाचे पहिले सुवर्णपदक मिळवले. त्या संघात मुंबईचे लिओ पिंटो गोलरक्षक होते; वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ हेही मुंबईचे. १९५२ साली हेलसिंकीला वांद्र्याच्या मेरी डिसोझा धावल्या. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नला नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकून उपांत्य फेरीत गेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा तिहेरी पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. आपल्यासारखीच आडनावे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पाहून गावठाणातील मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

या यशामागे एक व्यवस्था होती, तीही सांगितली पाहिजे. गिरण्या, रेल्वे, टाटांसारखे उद्योगसमूह यांचे आपापले संघ असत. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे आणि सरावासाठी सवलत मिळे. गरीब घरच्या मुलासाठी हॉकीची काठी ही नोकरीची चिठ्ठी ठरू शकत होती. आमचे गृहस्थ पूर्णरक्षक म्हणून खेळत. त्यांचा खेळ चांगला होता, असे त्या काळचे म्हातारे आजही सांगतात. मात्र घराला उद्याच्या जेवणाची निश्चिती हवी होती, आणि कचेरीच्या संघाकडून बोलावणे येईतो थांबण्याची ऐपत नव्हती. त्यांनी स्टिअरिंग धरले. फिरत्या पाळ्यांमुळे नियमित सराव बंद झाला. उरला तो धर्मग्रामाचा संघ आणि सुट्टीच्या दिवशीचे सामने. वहीत याविषयी तक्रारीचा एक शब्द नाही.

परंतु प्रेक्षक म्हणून त्यांची निष्ठा विलक्षण होती. सकाळची पाळी संपवून, गणवेशावरच, ते कूपरेजला रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयास जात. वहीत गोलांची संख्या तर आहेच, परंतु प्रेक्षक किती, मैदान ओले की कोरडे, परतीच्या बसला रांग कुठवर, हेही आहे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी ते कामावर होते. वहीत आहे ते एवढेच : ‘शेवटच्या थांब्यावर चौकीत रेडिओ. निकाल कळेपर्यंत स्टार्टरसाहेबांनी गाडी दोन मिनिटे सोडली नाही. कोणी उतारू बोलला नाही.’

१९६४ ची वही इतिहासाच्या अभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. त्या तारखेसमोर त्यांनी एक छोटी ट्राम रेखाटली आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषद भरली. २ डिसेंबर १९६४ रोजी परमगुरुस्वामी पॉल सहावे मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले परमगुरू. एरवी ज्या ओव्हल मैदानावर पोरे क्रिकेट खेळत, तेथे वेदी उभी राहिली. गावठाणेच्या गावठाणे तिकडे लोटली. आमच्या गृहस्थांना त्या दिवसांत जादा पाळी होती. भाविकांना नेणे, आणणे, पुन्हा नेणे. त्यांची पत्नी, आई, भावंडे, सर्वांनी परमगुरुस्वामींचे दर्शन घेतले. मिस्साच्या रकान्यात ३ डिसेंबरला रेघ आहे आणि पाळीच्या रकान्यात लिहिले आहे : ‘सहा फेऱ्या. सगळे गात होते.’ त्यांनी परमगुरुस्वामींना पाहिले नाही. परंतु त्या सोहळ्याच्या इतिहासात वेदीवरच्यांबरोबर या सहा फेऱ्यांनाही स्थान असले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

यानंतर जे सांगावयाचे ते सांगावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पापनिवेदनात ऐकलेली ही गोष्ट नाही; वहीत आहे, धर्मग्रामाच्या दप्तरात आहे, आणि घरच्यांनी ती लिहिण्यास अनुमती दिली आहे.

१९७१ च्या वहीत ऑगस्टमधील एका तारखेसमोर चारही रकाने रिकामे आहेत. मधोमध फक्त क्रूस आणि एक वेळ : सायंकाळचे ६.४०. पुढची अकरा पाने कोरी. त्या संध्याकाळी भर पावसात एक वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडताना पाय घसरून त्यांच्या गाडीखाली आले आणि दगावले. गाडीचा वेग कमी होता, ब्रेक वेळेवर दाबला होता. चौकशीअंती चालकाचा दोष नाही असे ठरले. कागदावर प्रकरण मिटले. बाराव्या दिवशी ते पुन्हा कामावर गेले. पुढच्या २१ वर्षांत त्यांच्या हातून दुसरा अपघात झाला नाही.

आमच्या चर्चमध्ये मिस्साच्या हेतूंची वही असते. कोणी आईसाठी, कोणी उपकारस्मरणासाठी मिस्सा सांगतो, तो हेतू तीत लिहिला जातो. त्या वह्या चाळताना आम्हांला दिसले की १९७२ पासून २०२३ पर्यंत, एकही वर्ष न चुकता, ऑगस्टमधील त्याच तारखेला एक हेतू लिहिलेला आहे : ‘एका मृत आत्म्यासाठी’. ५२ मिस्सा. या काळात धर्मगुरू बदलले, अक्षर बदलले, हेतू बदलला नाही. २०२० आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये महामारीमुळे चर्चेस भाविकांना बंद होती. त्या दोन्ही वर्षी त्यांनी पाकीट मुलाच्या हाती पाठवले.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांना सहज विचारले होते, “काका, नाव का नाही लिहीत?” ते म्हणाले, “नाव ठाऊक आहे, फादर. पण माणूस आपल्या धर्माचा नव्हता. त्याच्या घरच्यांना आपल्या वहीत त्याचं नाव आवडेल की नाही, कोण जाणे. देवाला नाव ठाऊक आहे ना, मग झालं.” आमच्या ईशज्ञानाच्या अभ्यासात परधर्मीयांविषयीच्या आदरावर आम्ही पुष्कळ वाचले आहे. त्या उत्तरात जो आदर होता तो कोणत्या ग्रंथातून आला, हे आम्हांला सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९७१ च्या त्या तारखेनंतर कोणत्याही वहीत ते स्वतः खेळल्याची नोंद नाही; सामने पाहिल्याच्या नोंदी मात्र वाढत जातात. कारण लिहिलेले नाही. ते ३७ वर्षांचे होते. कदाचित वय झाले असेल. इतिहासकाराने जेथे कागद थांबतो तेथे थांबावे, हे बरे.

१९९२ साली ५८ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून चर्चच्या मैदानात दिसू लागले. जुन्या काठ्या कापून मुलांच्या उंचीच्या करावयाच्या, चुन्याने रेघा आखावयाच्या, आणि संध्याकाळी पाच ते प्रार्थनेच्या घंटेपर्यंत पोरांना शिकवावयाचे. त्यांचे नियम दोनच होते : शिवी नाही, आणि पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवल्याशिवाय पुढे जायचे नाही. हा क्रम २५ वर्षांहून अधिक चालला. पुढे पाय थकले तेव्हा ते खुर्ची टाकून बसत.

या काळात त्यांचे दोन्ही जग आटत गेले. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. अशी हिरवळ अंथरणे गावठाणाच्या आवाक्यातले नव्हते. मातीवर शिकलेल्या मुलाची वरची वाट तेथेच अरुंद झाली. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे संघ गेले. बसचेही तसेच. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या डिझेलच्या दुमजली गाडीने मुंबईत शेवटची फेरी केली. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या वाढल्या, आणि त्यांवरचे चालक कंत्राटदाराचे झाले. गाडी वातानुकूलित झाली ही सोय खरी. पण बिल्ल्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर अभिमानाने लिहिणारा चालक यापुढे मिळेल काय, हा प्रश्न उरतोच.

योगायोग असा की रोव्हर्स चषक सुरू झाला त्याच १८९१ साली परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. ९० वर्षांनी, १९८१ साली, परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमांवर स्वतंत्र परिपत्रक लिहिले. तेच पुढे २००० च्या महाज्युबिलीत रोमच्या क्रीडांगणावर खेळाडूंसमवेत मिस्सा अर्पण करताना जगाने पाहिले. श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नव्हे, ही त्यांची शिकवण. संत पौलालाही श्रद्धेची वाटचाल समजावताना शर्यतीचीच उपमा सुचली. काम आणि खेळ या दोन्हींना ख्रिस्तसभेने असे पवित्र मानले आहे. प्रश्न आहे तो आपण आपल्या अंगणात काय मानतो याचा.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. २०२२ साली आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे चर्चच्या मैदानाला फरशी घालून वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आला. कारणे खोटी नव्हती. मोटारी वाढल्या आहेत, रस्ते अरुंद आहेत, लग्नाच्या दिवशी भांडणे होतात, आणि भाड्यातून छपराची दुरुस्तीही झाली असती. या गृहस्थांना मुद्दाम बोलावण्यात आले. ते फार बोलले नाहीत. “गाड्यांना आगार असतं, फादर. पोरांना काय आहे?” एवढेच म्हणाले आणि बसले. प्रस्ताव त्या दिवशी मागे पडला. तो रद्द झालेला नाही. दरवर्षी पुढे येतो आणि दरवर्षी पुढे ढकलला जातो. आता ते वाक्य म्हणणारा माणूस सभेत नाही. त्यामुळे ते कागदावर असणे आम्हांला अगत्याचे वाटले.

आमची वाचकांना एक विनंती आहे. वसईत असो, साष्टीत असो, उत्तनला असो, आपल्या घरात कोणी एसटी चालवली असेल, कोणी गोदीत ओझी वाहिली असतील, कोणी गिरणीत साचे सांभाळले असतील. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बिल्ले, वह्या, जुने फोटो, घर पाडताना रद्दीत जातात. ते जाऊ देऊ नका. वृद्ध हयात असतील तर त्यांच्यापाशी बसून चार पाने लिहून घ्या आणि एक प्रत धर्मग्रामात आणून द्या. नोंदपुस्तकातल्या तीन ओळी लिहिण्याचे काम आम्हां धर्मगुरूंचे. मधली कोरी जागा भरणे तुमच्याच हाती आहे.

त्या ३५ वह्या आम्ही मृतांच्या नोंदपुस्तकाशेजारी ठेवल्या आहेत. येत्या ऑगस्टमधील त्या तारखेचा हेतू त्यांच्या मुलाने आताच लिहून ठेवला आहे. यंदा त्यात एकाऐवजी दोन मृतात्मे आहेत, आणि त्यांपैकी एकाचे नाव लिहिलेले आहे.